हॅम्प्टनची लीजन: तीन अंगांची पलटण, जी मोठ्या रणात एकदाही अखंड उतरली नाही

सोनकी

साउथ कॅरोलायनात कोलंबियाला येऊन मला सहा वर्षं झाली. ऑफिसला जाताना रोज स्टेट हाऊसच्या आवारातून जाते. तिथे घोड्यावर बसलेल्या वेड हॅम्प्टनचा पुतळा आहे. शनिवारवाड्यासमोरून रोज बस पकडणारा माणूस बाजीरावाकडे जेवढं बघतो, तेवढंच मी पहिली दोन वर्षं त्याच्याकडे बघत होते. मग लक्षात यायला लागलं की इथे रस्ता हॅम्प्टनचा, काउंटी हॅम्प्टनची, ग्रीनव्हिलला गेलं तर तिथला मोठा रस्ताही वेड हॅम्प्टनच्याच नावाचा. वाचायला घेतलं आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने त्याने उभ्या केलेल्या पलटणीपाशी, 'हॅम्प्टनच्या लीजन'पाशी येऊन अडकले. इथे युद्धेतिहासाची आवड असलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून धागा काढतेय.

लीजन म्हणजे एका कर्नलच्या हाताखाली पायदळ, घोडदळ आणि तोफखाना, तिन्ही. शब्द रोमनांचा असला तरी अमेरिकेत ही पद्धत अठराव्या शतकातली. स्वातंत्र्ययुद्धात पुलास्कीची लीजन होती, 'लाइट हॉर्स' हॅरी लीची होती, इंग्रजांच्या बाजूने टार्लटनची होती. मुख्य सैन्यापासून लांब जाऊन छापे घालायचे, रसद तोडायची, नाके धरायचे, अशा कामाला ती फार सोयीची. कोणाकडे कुमक मागायला नको, सगळं आपल्यापाशीच.

१८६१ साली हॅम्प्टनने तेच चित्र डोळ्यांसमोर ठेवलं असावं. तो सैनिक नव्हता. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेलेला नव्हता. दक्षिणेतल्या सर्वांत श्रीमंत मळेवाल्यांपैकी एक, साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत जमिनी, आणि त्या जमिनींवर राबणारे शेकडो गुलाम. राज्याने अमेरिकेतून फुटून निघण्याला त्याचा आधी विरोध होता. पण २० डिसेंबर १८६० ला राज्य फुटलं आणि युद्ध सुरू झालं, तेव्हा त्याने स्वतःचा पैसा ओतून सैन्य उभं केलं. पायदळाच्या सहा कंपन्या, घोडदळाच्या चार, तोफखान्याची एक बॅटरी. सगळी मिळून हजाराच्या आसपास माणसं. इंग्लंडहून ब्लेकलीच्या आटे पाडलेल्या तोफा मागवल्या. चार्ल्स्टनची जुनी नावाजलेली 'वॉशिंग्टन लाइट इन्फन्ट्री' आली, तिथल्या जर्मनांची एक कंपनी आली, एजफील्डचे हुसार, म्हणजे हलके घोडेस्वार, आले.

माणसंही बघा कशी मिळाली. तोफखान्यावर स्टीफन डी. ली, जो एप्रिलमध्ये सम्टर किल्ल्यावर शरणागतीचा निरोप घेऊन गेलेल्यांपैकी एक होता आणि पुढे कॉन्फेडरेट, म्हणजे फुटलेल्या दक्षिणेच्या, सैन्यातला सर्वांत तरुण लेफ्टनंट जनरल झाला. घोडदळात मॅथ्यू बटलर, पुढे मेजर जनरल. पायदळात जेम्स कॉनर आणि मार्टिन गॅरी, दोघंही पुढे ब्रिगेडियर. हजार माणसांच्या पलटणीतून इतके सेनापती निघाले.

आता मनॅसस. गेल्या ऑक्टोबरात मी मुद्दाम गाडी काढून व्हर्जिनियाला गेले. २१ जुलै १८६१ ची ही लढाई म्हणजे या युद्धातली पहिली मोठी लढाई. हॅम्प्टन दक्षिणेच्या राजधानीहून, रिचमंडहून, रेल्वेने निघाला आणि त्याच दिवशी सकाळी मनॅससला उतरला. सोबत फक्त पायदळ, सहाशे माणसं. घोडे आणि तोफा मागेच राहिल्या होत्या. माझ्या मते लीजनची सगळी गोष्ट इथेच कळते. अठराव्या शतकात तिन्ही अंगं एकाच रस्त्याने, एकाच वेगाच्या आसपास चालायची. रेल्वे आली आणि माणूस रातोरात पोचायला लागला, घोडा आणि तोफ मागे राहायला लागली. तिन्ही अंगं एकत्र असण्याचा जो फायदा, तो लढाईला तोंड लागायच्या आधीच गेला होता.

त्या सहाशे माणसांनी जी जागा धरली, ती मी पायी हिंडून पाहिली. मॅथ्यूज टेकडीवरून दक्षिणेची फळी मोडून मागे येत होती आणि ही पलटण वॉरेंटन टर्नपाइकच्या कडेला एका शेताच्या फाटकापाशी उभी राहिली. आज तो रस्ता म्हणजे हायवे २९, गाड्यांची सतत घरघर. तिथून चढावर गेलं की गवतात दगडी चौथरा दिसतो. बस, तेवढंच. ते रॉबिन्सनचं घर. जेम्स रॉबिन्सन कृष्णवर्णीय होता आणि गुलाम नव्हता, स्वतंत्र होता. खाणावळीत राबून पैसे साठवून त्याने ही जमीन घेतली होती. त्याची बायको मात्र गुलाम होती, आणि मुलांपैकीही काहीजण. शेकडो गुलामांच्या मालकाने उभी केलेली पलटण या माणसाच्या कुंपणाआड उभी राहून लढली.

तिथे लेफ्टनंट कर्नल जॉन्सन पडला. दुपारी हेन्री टेकडीवर हॅम्प्टनच्या डोक्याला गोळी चाटून गेली, कॉनरने सूत्रं घेतली. सहाशेतली १२१ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. दक्षिणेच्या जनरल जॅक्सनला 'स्टोनवॉल' (दगडी भिंत) हे नाव त्याच टेकडीवर मिळालं आणि ते सगळ्यांना माहीत आहे. त्याला फळी लावायला जो वेळ मिळाला, त्यातला काही या सहाशेंनी मिळवून दिला होता, हे फारसं कोणी सांगत नाही.

पुढची गोष्ट प्रतिसादांत लिहिते. एकाच पोस्टमध्ये फार लांबेल.

जुना नकाशा

उत्तम धागा. रेल्वेचा मुद्दा पटला. त्यात एक भर. लढाईत सैन्यं जेव्हा पन्नास-साठ हजारांची होतात, तेव्हा जनरलला हजार माणसांची सर्वगुणसंपन्न पलटण नको असते. त्याला घोडदळ एका हातात हवं असतं, म्हणजे शत्रू कुठे आहे ते कळतं. तोफा एका जागी हव्या असतात, म्हणजे मारा एकवटतो. सहा कंपन्यांचं पायदळ तर रेजिमेंटलाही कमी पडतं. त्यामुळे हॅम्प्टनची काय, जॉर्जियाच्या कॉबची आणि फिलिप्सची लीजन घ्या, सगळ्यांचे पुढे तुकडेच झाले. तिन्ही अंगांचा मेळ लागतोच, पण तो डिव्हिजनच्या, कोअरच्या पातळीवर. पलटणीच्या पातळीवर त्या काळी ना तसा संपर्क होता, ना तशी वाहनं.

पिंपळपान

वाचतेय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). एक बाळबोध शंका: घोडे कोणाचे असायचे? सरकारी?

सोनकी

@जुना नकाशा, अगदी. सेव्हन पाइन्सच्या लढाईत, ३१ मे १८६२ ला, हे स्वच्छ दिसतं. तोवर हॅम्प्टन ब्रिगेडियर झाला होता आणि त्याच्या हाताखाली इतर रेजिमेंटही होत्या. लीजनचं पायदळ तिथे निम्म्याच्या आसपास कापलं गेलं. हॅम्प्टनच्या पायात गोळी शिरली, ती त्याने घोड्यावरून न उतरता गोळीबारातच काढून घेतली. त्याच उन्हाळ्यात लीजन मोडली. पायदळ लीजनचं नाव घेऊन एकीकडे, घोडदळ दुसऱ्या साउथ कॅरोलायना कॅव्हलरीत, आणि बॅटरी जेम्स हार्टच्या हाताखाली दक्षिणेच्या घोडदळाचा सेनापती स्टुअर्ट याच्या घोडतोफखान्यात. स्टीफन ली त्याआधीच बढती घेऊन गेला होता.

@पिंपळपान, शंका बाळबोध नाही, फार महत्त्वाची आहे. आपल्याकडचा शब्द वापरते: दक्षिणेचा स्वार शिलेदार होता, उत्तरेचा बारगीर. उत्तरेत घोडा सरकारचा. दक्षिणेत स्वार आपला घोडा घेऊन यायचा, सरकार त्याला घोड्यापोटी दिवसाला ४० सेंट द्यायचं. लढाईत घोडा पडला तर ठरवलेली किंमत मिळायची. रोगाने, दमून किंवा नाल पडून लंगडा झाला तर भुर्दंड स्वाराचा. मग नवा घोडा आणायला घरी जायचं. व्हर्जिनियाच्या स्वाराला ते दोन-चार दिवसांचं काम. साउथ कॅरोलायनाच्या पोराला शेकडो मैल. कागदावर पूर्ण दिसणारी रेजिमेंट प्रत्यक्षात निम्मी असायची, ती याच्यामुळे. जानेवारी १८६५ मध्ये बटलरची डिव्हिजन व्हर्जिनियातून साउथ कॅरोलायनात पाठवली, त्यात नवे घोडे मिळवणं हाही हेतू होता.

ओसरी

शिलेदार-बारगीर वाचून एकदम चित्र उभं राहिलं. शिलेदाराला घोडा जपायचा असतो, कारण तोच त्याचा संसार.

पायदळाचं पुढे काय झालं? अँटिएटमच्या लढाईत होतं का? मी मेरीलँडला राहतो, त्या लढाईतलं मक्याचं शेत माझ्यापासून तासाभरावर आहे.

सोनकी

होतं. आणि याच भागासाठी मी हा धागा काढलाय.

लीजनचं पायदळ तेव्हा हूडच्या टेक्सास ब्रिगेडमध्ये होतं, गॅरीच्या हाताखाली. गेन्स मिल आणि दुसरी मनॅसस या लढाया झालेल्या होत्या. १७ सप्टेंबर १८६२ च्या सकाळी अँटिएटमला लीजन म्हणून उभी राहिली ती ७७ माणसं. ज्या पायदळाच्या सहाशे माणसांनी चौदा महिन्यांपूर्वी रॉबिन्सनचं फाटक धरलं होतं, त्यातली उरलेली. (मधे दोन कंपन्यांची भरती होऊनही!)

मक्याच्या शेतातून पुढे जाताना निशाण हेरॉड विल्सनच्या हातात होतं. तो पडला. जेम्स एस्टर्सने उचललं, तो पडला. पॉपेनहाइमने घेतलं, तोही पडला. मग मेजर डिंगलने स्वतः निशाण हातात घेतलं आणि माणसांना ओरडून सांगितलं की आपल्या निशाणामागे या. मक्याच्या कडेपर्यंत, रस्त्याजवळ तो पोचला आणि तिथे मारला गेला. हे सगळं गॅरीच्या अहवालात आहे. अहवाल कोरडाच आहे. कोण कोणत्या कंपनीचा, एवढंच. एका कागदावर एकाखाली एक चार नावं, आणि मधे फक्त 'तो पडला'. मी तो उतारा तीनदा वाचला आणि लॅपटॉप बंद केला.

७७ मधली पन्नासाहून जास्त माणसं त्या सकाळी गेली किंवा जायबंदी झाली.

@ओसरी, तुम्ही तिथे गेलात तर हेगर्सटाउन पाइकच्या बाजूने शेतात शिरा. सप्टेंबरात गेलात तर मका डोक्याच्या वर असेल आणि दहा पावलांवरचा माणूस दिसणार नाही. त्या उंचीच्या पिकात समोरून गोळ्या येताना निशाण हीच एक गोष्ट दिसत असणार. ते पडू न देण्याचा एवढा आटापिटा का, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

तोफवाला

हार्टच्या बॅटरीबद्दल थोडं मी लिहितो, कारण तो माझा विषय आहे. लीजनच्या तिन्ही अंगांत हे सर्वांत चिवट. ब्लेकली तोफा वजनाला हलक्या, म्हणून घोड्यांबरोबर पळवायला सोप्या. पण दारूगोळा इंग्लंडचा लागायचा आणि समुद्रात नाकेबंदी. गेटिसबर्गला ३ जुलै १८६३ ला या बॅटरीच्या ब्लेकली एमिट्सबर्ग रस्त्यावर होत्या, उत्तरेच्या घोडदळाविरुद्ध. आटे पाडलेल्या परदेशी तोफेच्या गोळ्याला पर्याय नसतो. तो संपला की उत्तम तोफही लोखंडाचा ओंडका. पैसेवाल्या माणसाने हौसेने उत्तम वस्तू आणली, ती पोसायला मागे कारखाना हवा, तो दक्षिणेकडे नव्हता.

घोडदळाचंही सांगून टाकतो. ९ जून १८६३, ब्रँडी स्टेशनची लढाई. एकाच तोफगोळ्याने बटलरचा उजवा पाय घोट्याजवळ तुटला आणि शेजारच्या कॅप्टन फार्लीचा पायही गेला. फार्ली वाचला नाही. बटलर वाचला आणि लाकडी पायाने परत लढायला आला. त्याच दिवशी त्याच रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल फ्रँक हॅम्प्टन, वेडचा धाकटा भाऊ, मारला गेला.

वऱ्हाडी पाऊल

लेख आणि प्रतिसाद मन लावून वाचले. हॅम्प्टनचा पैसा कापसाचा होता, तेव्हा एक धागा आमच्याकडेही येतो तो जोडतो.

एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस आटला. त्यांनी मोर्चा वळवला मुंबईकडे. वऱ्हाड आणि खान्देशाच्या कापसाला जो भाव आला तसा आधी कधी आला नव्हता. मुंबईत पैसा वाहायला लागला, बॅक बे भरावाच्या कंपनीचे शेअर आकाशाला भिडले, प्रेमचंद रायचंदांचं नाव सगळीकडे. आणि १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याने शरणागती पत्करल्याची बातमी आली आणि भाव कोसळले, बँका बुडाल्या. राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्या पैशातून उभा राहिला, त्यांच्या आईच्या नावाने. मुंबई विद्यापीठासमोरून जाणाऱ्याला साउथ कॅरोलायना आठवायचं कारण नाही, पण संबंध खरा आहे.

तेजीत शेतकऱ्याने कर्ज काढून कापूस पेरला, भाव पडल्यावर कर्ज तसंच राहिलं. आमच्या भागातल्या सावकारीची गोष्ट सांगायची तर त्या पाच वर्षांना वगळून सांगता येत नाही.

लाल माती

मला एक स्पष्ट बोलायचंय, राग मानू नका. निशाण, शौर्य, घोड्यावर बसून गोळी काढणं, हे सगळं वाचताना अंगावर काटा येतो, मान्य. पण हे लोक लढत कशासाठी होते? साउथ कॅरोलायनाने फुटताना जे कारणांचं निवेदन काढलं, त्यात गुलामगिरीचं नाव घेऊन लिहिलंय. १८६० च्या जनगणनेत त्या राज्यात सात लाख तीन हजार माणसांपैकी चार लाखांवर गुलाम होती. म्हणजे निम्म्याहून जास्त राज्य साखळीत. त्यांची पलटण कुठेय या धाग्यात?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात बसून त्यांना कळलं होतं की या युद्धात आपण कोणाकडे बघायचं.

सोनकी

@लाल माती, राग अजिबात नाही. तुम्ही म्हणता ते मूळ लेखात यायला हवं होतं, मी फक्त रॉबिन्सनच्या चौथऱ्यापाशी थांबले. रॉबिन्सनचं पुढचं सांगते. १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने त्याच्या शेतातलं धान्य आणि सामान नेलं. युद्धानंतर त्याने सरकारकडे भरपाई मागितली, मागितलं त्यापेक्षा बरंच कमी मिळालं. त्याचं कुटुंब त्या जमिनीवर पुढे कित्येक वर्षं राहिलं. १९९३ मध्ये तिथल्या घराला कोणीतरी आग लावली. आता चौथरा आहे.

आणि फुल्यांचं साल तुम्ही काढलंत म्हणून पुढची तीन वर्षं सांगायलाच हवीत, कारण लीजनची गोष्ट १८६५ ला संपत नाही. १८७३ ला साउथ कॅरोलायनाच्या विधानसभेत कृष्णवर्णीय आमदार बहुमतात होते. फुल्यांनी ज्याचं कौतुक केलं ते प्रत्यक्षात चालू होतं. १८७६ ला हॅम्प्टन गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा राहिला. मागे लाल शर्ट घातलेल्या सशस्त्र घोडेस्वारांच्या टोळ्या. त्यांची योजना कोणाची? मार्टिन गॅरीची, अँटिएटमचा अहवाल लिहिणाऱ्या त्याच गॅरीची. कृष्णवर्णीय मतदाराला धमकावून, विकत घेऊन किंवा अडवून मत देऊ द्यायचं नाही, हे त्याने कलमवार लिहून काढलं होतं. ८ जुलै १८७६ ला हॅम्बुर्ग गावात कृष्णवर्णीय मिलिशियावर हल्ला झाला, पकडलेल्यांना रात्री एकेक बाहेर काढून मारलं. त्या दिवशी तिथे गोऱ्यांच्या बाजूने पुढे होता मॅथ्यू बटलर. लीजनच्या घोडदळाचा बटलर. एजफील्डमध्ये मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली. काही महिने राज्यात दोन सरकारं होती. एप्रिल १८७७ मध्ये अध्यक्ष हेजने सैन्य काढून घेतलं आणि हॅम्प्टन गव्हर्नर झाला. पुढे सिनेटर. बटलरही सिनेटर.

म्हणून मी म्हणते की ही पलटण लढाईत कधी एकत्र आली नाही, पण १८७६ ला आली. नाव हॅम्प्टनचं, आराखडा गॅरीचा, माणसं बटलरची. तेव्हा समोर सैन्य नव्हतं, मतपेटीकडे निघालेले शेतकरी होते.

डिंगलचं मला वाईट वाटतं आणि हॅम्बुर्गची चीड येते. दोन्ही खरं आहे, एकासाठी दुसरं खोडणार नाही.

लाल माती

धन्यवाद. हे वाचायचं होतं.

जुना नकाशा

गॅरीबद्दलची भर: १८६२ च्या शेवटी पायदळ जेंकिन्सच्या ब्रिगेडमध्ये गेलं, म्हणून ते गेटिसबर्गला नव्हतं. १८६३ च्या शरदात जनरल लाँगस्ट्रीटबरोबर टेनेसीला, वॉहॅचीची रात्रीची लढाई, नॉक्सव्हिलचा वेढा. १८६४ मध्ये त्या पायदळाला घोडे दिले. म्हणजे लीजनचं पायदळ शेवटी घोड्यावर बसलं आणि गॅरीच्या ब्रिगेडमधून रिचमंडभोवती लढलं.

पिंपळपान

सोनकी, शेवट कुठे झाला मग? तिन्ही अंगांचा?

सोनकी

३ एप्रिल १८६५ ला रिचमंड जळत असताना सैन्याच्या पिछाडीला गॅरीची ब्रिगेड होती, त्यात लीजन. ती मेयोच्या पुलावरून गेली आणि मागून पूल पेटवला. सहा दिवसांनी अपोमॅटॉक्सला, रॉबर्ट ली शरण गेला तिथे, लीजनने शस्त्रं ठेवली. गॅरी स्वतः शरण न जाता निसटला. हार्टची बॅटरी हॅम्प्टनबरोबर कॅरोलायनात उत्तरेचा सेनापती शर्मन याच्यासमोर मागे हटत राहिली, पण हार्टशिवाय. हार्टचा पाय २७ ऑक्टोबर १८६४ ला बर्जेस मिलच्या लढाईत गेला होता.

त्याच दिवशी त्याच ठिकाणी हॅम्प्टनचा मुलगा प्रेस्टन मारला गेला. त्याला उचलायला गेलेला दुसरा मुलगा, तोही वेड, बापाच्या डोळ्यांसमोर जखमी झाला.

ट्रिनिटी चर्चचं आवार स्टेट हाऊसच्या समोर, रस्ता ओलांडला की आहे. काल जेवणाच्या सुट्टीत जाऊन आले. बाप-लेक तिथेच आहेत. फाटकातून बाहेर पडलं की समोर स्टेट हाऊस, आणि त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर शर्मनच्या तोफगोळ्यांच्या खुणांवर बसवलेले ब्राँझचे तारे. ते बघायला मात्र इमारतीला वळसा घालून पलीकडे जावं लागतं. मी मोजले, सहा आहेत.